नळीतला घोळका

१० फेब्रुवारी, मंगळवार
मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं. रक्तात प्लेटलेट फारच कमी आल्या. डॉक्टर म्हणाले, आधी याचं बघा, मग डोळा. मला काहीच होत नाही — सकाळी तीन घावन खाल्ले. पण दिसतं सगळं धुरकट. सुईत दोरा ओवायलासुद्धा सुनेला, अनुपमाला, हाक मारावी लागते.

११ फेब्रुवारी
खालची शुभा पपईची पानं घेऊन आली. सोसायटीत कुणाच्या प्लेटलेट उतरल्या की त्या झाडाची वाट लागते. "मावशी, रस प्या, दोन दिवसांत वाढतात." अनुपमाने ऑफिसला जाता जाता वाटून दिला. कडू जहर. ती गेली, मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला.

१३ फेब्रुवारी
नात गंधाली आली. रक्त तपासायचंच शिकतेय ती. रिपोर्ट बघून हसायलाच लागली. "आजी, कमी नाहीत गं, चिकटून बसल्या असणार."

मी चाचपत लसूण सोलत होते, ती सांगत बसली. प्लेटलेट रक्तात सुट्या फिरतात. विळीवर बोट कापलं की फाटलेल्या शिरेला पहिली जाऊन चिकटते, अंगाला काटे काढते, बाकीच्यांना बोलावते. सगळ्या मिळून भोक बुजवतात. केवढी हुशारी! आणि तपासायला रक्त घेतात त्या नळीत ते गोठू नये म्हणून औषध असतं ना, कुणाकुणाच्या प्लेटलेट त्यानेच एकमेकींना धरतात. अंगात नाही, नळीतच. मशीन सुट्या तेवढ्याच मोजतं.

"हळदीकुंकवाला आम्ही बसतो तशा," मी म्हटलं.

"तशाच. आणि मशीन म्हणतं, कुणी आलंच नाही."

दुसऱ्या औषधाच्या नळीत परत रक्त घेतलं. निळं झाकण.

१४ फेब्रुवारी
भरपूर निघाल्या! पहिल्या नळीतला थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला, तर घोळकेच घोळके. शुभा म्हणते, "पानांचा गुण, मावशी." मी मान डोलावली. कढीपत्ता मात्र झकास फुटलाय.

१९ फेब्रुवारी
डोळा झाला. पट्टी आहे. अनुपमाने रजा टाकलीय.

२० फेब्रुवारी
पट्टी निघाली. पंख्यावरची धूळसुद्धा दिसली. "काय दिसतंय, आई?" अनुपमा समोर वाकली होती. केस अर्धे पांढरे. डोळ्यांखाली काळं. एवढी वाळली कधी ही?

"छान दिसतंय," म्हटलं.

डॉक्टरांनी चुलीशी जायला परवानगी दिली की सकाळचे डबे मी करणार. तिला अजून सांगितलं नाही.