गणितातून निसटलेला चंद्र

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने संप पुकारलाय, त्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे.) खोकला कसा आहे? औषध घेतेस, की मागच्यासारखं कुंडीत ओततेस? मी ठीक. म्हणजे तीन दिवस झोप नाही, जेवणात लक्ष नाही आणि काल शेजाऱ्याच्या चपला घालून त्यालाच भेटायला गेलो.

कारण सांगतो. दहा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आठवड्यात माझं शेवटचं काम होतं, जगाला रस्ता दाखवून थकलेल्या एका उपग्रहाला (आम्ही त्याला ‘आजी’ म्हणायचो) वाटेतून बाजूला करण्याचं. अशांना उरल्यासुरल्या इंधनावर, चालत्या उपग्रहांच्या पाचशे किलोमीटर वर नेऊन ठेवतात. (मलाही सूनबाईने वरच्या खोलीत ठेवलंय. वर शांत असतं म्हणे.) पण अक्का, वर ठेवलं म्हणजे कुणी तिथेच राहतं असं नाही. चंद्र-सूर्य येताजाता बारीकशी ओढ देत राहतात. एका फेरीत काही कळत नाही. पण वर्षानुवर्षं ती एकाच बाजूला साचत गेली, की गरगरीत गोल कक्षा अंड्यासारखी लांबट होते आणि शे-दीडशे वर्षांनी आजी पुन्हा कामाच्या मंडळींच्या वाटेत! (चहाच्या वेळी मी स्वयंपाकघरात उतरतो, तसं.) हे टाळायचं तर ठेवतानाच कक्षेचं तोंड कुठल्या दिशेला हवं, ते नेमकं काढावं लागतं.

तर तीन दिवसांपूर्वी दाढी करताना आठवलं, की चाचणी लवकर उरकावी म्हणून मी संगणकावरच्या गणितातला चंद्र बंद केला होता, म्हणजे त्याची ओढ धरलीच नव्हती. परत सुरू केल्याचं काही केल्या आठवेना! चंद्राच्या साऱ्या कविता पाठ म्हणून बाईंनी ज्याला पेन्सिल बक्षीस दिली, त्यानेच चंद्र विसरावा? अर्ध्या गालाला साबण, तसाच ऑफिसात धावलो. माझ्या खुर्चीत आता सूनबाई बसते. म्हणाली, “बाबा, आधी गाल पुसा. दीडशे वर्षांचा प्रश्न आहे, जेवून घ्या.” अगं, आजीचं इंधन कधीच संपलंय, आता तिची समजूत काढायचीही सोय नाही. माझ्यापायी कुणाची पणतवंडं वाट चुकली तर? माझी निळी वही तुझ्या ट्रंकेत आहे. शेवटच्या पानावर ‘चंद्र’ लिहून पुढे बरोबरची खूण केली आहे का, तेवढं बघून कळव.

तुझा,
धाकटा

ता.क. वही शोधू नकोस. माझ्या येरझाऱ्या ऐकून सूनबाई आत्ताच वर येऊन गेली. तेव्हा ती ऑफिसात नवी होती, सून व्हायची होती. बंद चंद्र तिने त्याच दुपारी पकडला, गणित पुन्हा करून साहेबांची सही घेतली आणि मगच आजी हलली. दहा वर्षं बोलली का नाहीस, विचारलं. म्हणे, “तुमचं निरोपाचं भाषण चाललं होतं, बाबा. चंद्रावरची चौथी कविता. मध्येच कसं बोलायचं? आणि मग राहूनच गेलं.”

ता.ता.क. ती सोमवारी कामासाठी तुमच्याकडे येतेय, उतरणार तुझ्याच घरी. मागच्या पत्रात मी तिला ‘कालची पोर, हिला काय कळतंय गणितातलं’ असं लिहिलं होतं. ते पत्र आजच्या आज जाळ. (तुझ्याकडे कायमचा राहायला येणार होतो, तेही रद्द.) थांबतो. खाली कप वाजले. माझी कक्षा लांबट व्हायला लागली.