शालूचं जेवण आणि पहिली सही

रविवार, १६ फेब्रुवारी, कळवा

आज ज्येष्ठांच्या कट्ट्यावर 'गांजा कायदेशीर करावा का' यावर वाद झाला. मी कडाडून विरोध केला. कुलकर्णी म्हणाले, "अहो, महाशिवरात्रीला भांग चालते ना?" म्हटलं, "तुमची गेल्या वर्षीची अजून उतरलेली दिसत नाही." टाळ्या! स्टेशनजवळ चोरून गांजा विकणाऱ्या पानवाल्याविरुद्ध लगेच निवेदन लिहिलं. पहिली सही माझी.

परतताना रिक्षात माझी नणंद शालू म्हणाली, "वहिनी, किमोनंतर मला जेवण जातंय ते तुझ्या मेतकूट-भातामुळे नाही गं. लेक त्याच पानवाल्याकडून गांजा आणते."

मेतकूट-भात! महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले मी. राग नक्की कशाचा आला? चोरून आणण्याचा, की मेतकुटाचा?

गांजा वाईटच. शाळेत शिकवताना त्यापायी वाया गेलेली मुलं पाहिली आहेत, मत बदलणार नाही. पण परवा शालूनं भात पुन्हा मागून घेतला होता. पानवाल्याचं दुकानच उठलं, तर?

निवेदन उद्या चौकीत मीच द्यायचं आहे. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. मघाशी कट्ट्याच्या सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, गुडघा धरलाय, उद्या जमणार नाही.

गुडघा ठणठणीत आहे.