मामाजींच्या हातातला खरारा

कुडवा, रविवार संध्याकाळ

आमच्या इवल्याशा कुत्रीसाठी, चिंगीसाठी, मी ब्रश स्वतःच्या मनगटावर घासून निवडला होता. गोल टोकांचा, ओरखडा न काढणारा.

आज घरी आले तर सासरे, मामाजी, बैलांचा लोखंडी खरारा घेऊन तिला दाबून घासत होते. पोटाची सालटी निघालेली. रक्त.

"काऊन केकाटते इतकी? बैल तं निवांत उभे राहत होते," म्हणाले.

मी खरारा हिसकावला आणि त्यांच्याच मनगटावर ओढला. खर्रकन. सासऱ्यावर हात उचलला मी? हो, उचलला! रक्त आलं.

ते ओरडले नाहीत. मनगटाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग बैलायलेबी असंच लागत होतं का बाई?"