वर येणारे मासे

२ मार्च
पोहोचलो एकदाचे! मत्स्यबीज केंद्राचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, खिडकीखाली तळं आणि छपरावर बगळे. मी इथली माशांची डॉक्टर, हे माझे बिनपगारी मदतनीस. नोकरी सोडून बायकोच्या मागे आले म्हणून सासूबाई तिकडे तोंड फुगवून बसल्यात. मी मात्र जाम खूश आहे.

४ मार्च
इथल्या मुकादमांनी माशांची टाकी उपसायला शिकवलं. पंप कायमचा बिघडलेला. नळीचं एक टोक टाकीत सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं आणि पाणी आलं की चटकन बादलीत टाकायचं. ह्यांना ते चटकन काही जमेना. घोटभर गिळलं आणि वर ऐटीत म्हणाले की तुझ्या चहापेक्षा बरंय. मग मी ओढलं, माझीही तीच गत झाली. हसून हसून पोट दुखलं.

७ मार्च
भर दुपारी मासे तळाशी जायला हवेत. इथे ते पाठी उघड्या टाकून पृष्ठभागावर पडून असतात. एक नुसता हाताने उचलला, पळालाही नाही. डोळे दुधाळ. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर डोळ्याच्या भिंगात चपटे किडे वळवळत होते. ही कीड गोगलगायीतून पाण्यात येते, पाण्यातून माशाच्या डोळ्यात जाते. मासा आंधळा होऊन वर येतो, पक्षी त्याला गिळतो. किड्याला तेच हवं असतं, त्याची वाढ पक्ष्याच्या पोटातच होते. हे उगाच घाबरले. माणसाला काही होत नाही, असं मी ठासून सांगितलं.

११ मार्च
ह्यांनी सकाळी अर्धीच दाढी केली. मी चिडवलं तर म्हणाले, धूसर दिसतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब देऊन पाठवलं. घरी मी बॅटरी धरून पाहिलं. बुबुळामागे काहीतरी हललं. मी बॅटरी विझवली आणि ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातले.

१३ मार्च
हे म्हणतात, घरात गुदमरतं. दुपारभर बांधावर उभे, मान मागे टाकून, तोंड आभाळाकडे. हाक मारली तरी ढिम्म. मी ओढत आत आणलं. मुकादम म्हणाले, आधीच्या डॉक्टरीणबाईही अशाच उभ्या राहायच्या. बगळ्याला माणूस कुठला गिळता येतो, त्यासाठी दुसरं येतं. काय येतं ते त्यांनी पाहिलेलं नाही. दुपारी ते दार लावून घेतात.

१४ मार्च
आतून कुलूप लावलंय. हे दारावर डोकं आपटतायत, लहान मुलासारखी गयावया करतायत. मला रडू आवरत नाही. उद्या सकाळी गाडी सांगितलीय. काही झालं तरी ह्यांना इथून नेणार.

१५ मार्च
गाडीचा हॉर्न ऐकू आला. गाडी दिसली नाही. पांढरं, सगळं पांढरं. मीही गिळलं होतं ना ते पाणी—
कुलपाची किल्ली चाचपडत शोधेपर्यंत हॉर्न थांबला. गाडीवाला गेला बहुतेक. ओळी अंदाजाने लिहितेय.
छप्पर अंगावर येतंय. नको हे छप्पर—

दुपार
दार उघडं आहे. मीच उघडलं. मीच, देवा—
बांधावर आहोत. ह्यांचा हात घट्ट धरलाय. ऊन किती बरं वाटतंय. भीतीने जीव जातोय, आणि मान आपोआप मागे—
बगळे एकदम गप्प.
ऊन गेलं. वर काहीतरी—
अहो?
हात आहे माझ्या हातात. फक्त हातच—