रिकाम्या पोत्याचं वजन

सर, आज दिवसभर मी तुमच्यावर चिडलेली आहे. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आता राग गिळावा, एवढं मोठं मन माझ्याकडं नाही. जवळा बाजारच्या अडत दुकानासाठी तुम्ही लिहिलेला वजनकाट्याचा प्रोग्राम तुमच्या माघारी मीच सांभाळते. आज सकाळी एक शेतकरी बाई भर दुकानात माझ्या टेबलावर हात आपटून उभी राहिली. "घरून एकेक पोतं तोलून आणलं म्या सोयाबीन. इथं दर कट्ट्याला कमी काहून भरून राहिलं? तुझ्या मशीनला बी खायची सवय लागली का, पोरी?" मालकांनी हात झटकले. "आकडा ही काढती, हिलाच विचारा." चोराकडं बघावं तसे लोक माझ्याकडं बघत होते, सर.

मी प्रोग्राममधला सोयाबीनचा क्लास, त्या मालाच्या नियमांचा कप्पा, उघडला. त्यात वजन कापायची मेथड, ती आकडेमोडच नाही; ती वरच्या कप्प्यातून वारशानं आलेली. वर धान्याचा क्लास. तिथं एकच ओळ, वरच्याला विचार. त्याच्या वर भुसार मालाचा; तिथंही तेच. तहसिलीत या खिडकीवरून त्या खिडकीवर धाडतात तशी माझी गत. कळमनुरीत, खताच्या दुकानावरच्या तुमच्या शिकवणीच्या खोलीत, मी एकदा एकच मेथड दोन ठिकाणी लिहिली होती. तुम्ही सगळ्यांदेखत ती पुसलीत. "बापानं करून ठेवलं ते लेकरानं परत काहून करायचं? बापाला विचार. त्याला ठाऊक न्हाई तर आज्याला." पोरं हसली, मी रडकुंडीला आले. आजाही तोंड उघडत नसेल तर काय करायचं, हे तुम्ही कधी शिकवलं नाही.

दुपारी सापडलं एकदाचं. सगळ्यात वरच्या, 'माल' नावाच्या क्लासमध्ये तुम्ही दर नगामागं तागाच्या रिकाम्या पोत्याचं वजन वजा केलंय. तुमच्या वेळी बराबरच होतं ते, सगळा माल तागातच यायचा. यंदा जो तो प्लास्टिकच्या हलक्या कट्ट्यात घेऊन येतो. तुमची ओळ मात्र मुकाट्यानं ताग धरून कापत राहिली आणि बोलणी मी खाल्ली. शेजारी एक शब्द लिहून ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?

बाईसमोर वजन परत काढलं. "आता व्हय," एवढंच म्हणून ती गेली. यंदाच्या बाकीच्यांचं वजनही परत काढणार आहे. मालक तोंड वाकडं करून का होईना, राजी झालेत.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगते. ती ओळ बदलताना माझा हात अडला. प्रोग्राम अडला की मी एकटीच तुमच्याशी मोठ्यानं भांडते, आणि तुमच्याशी माझं बोलणं आता तेवढंच उरलंय. एकेक करून तुमच्या ओळी मीच बदलत चाललेय. शेवटचीही बदलली की मी कुणाशी भांडू, सर?