रिकाम्या आकाशकंदिलाविषयी व्याह्यांस निवेदन

सिंहगड रस्ता, पुणे
धनत्रयोदशी

सन्माननीय व्याही रावसाहेब यांस,

हिंदुरावाचा आदरपूर्वक नमस्कार. आपला डावा गुडघा, उजवा गुडघा आणि घरातील इतर मंडळी यांची प्रकृती कशी आहे, ते याच क्रमाने कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे (निदान डॉक्टरांना तिच्यात रस उरलेला नाही). हा मजकूर फोनवर सांगता आला असता. परंतु फोनवर माझे पहिले विधान पूर्ण होण्याआधीच आपण निष्कर्षाला संमती देऊन मोकळे होता, आणि मग मला बोलायला काही कारण राहत नाही.

विषय आपली नात राजनंदिनी. (ती मुलीकडून माझीही नात आहे, पण आपल्या हडपसरच्या घरी तिचा उल्लेख आपलीच नात असा होतो, म्हणून मीही तसा केला.) प्रयोगशाळा जवळ पडते म्हणून ती शिक्षण संपल्यापासून माझ्याकडे राहते. आता तिला पुढील संशोधनासाठी जर्मनीत बोलावले आहे. श्रद्धा आणि विश्वजीत या तिच्या आईवडिलांनी ‘आबा म्हणतील तसं’ असे सांगून निर्णय आपणांवर सोपवला आहे. पाडव्याला ती आपल्या पाया पडायला येईल, तेव्हा आपण हो किंवा नाही म्हणायचे आहे. माझे मत कोणी विचारलेले नाही. तथापि आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवल्यावर, न विचारलेले मत साधार मांडणे एवढाच उद्योग माणसाच्या हाती उरतो.

ती करते काय, हे आधी स्पष्ट करणे क्रमप्राप्त आहे. विषाणूला (तो सजीव आहे की नाही, यावर त्यांच्यातच एकमत नाही) प्रथिनांचे कवच असते. त्याच्याजवळ आनुवंशिक मजकूर इतका थोडा, की तऱ्हेतऱ्हेच्या विटा घडवण्याच्या सूचना त्यात मावत नाहीत. म्हणून तो बहुधा एकच वीट पुन्हा पुन्हा वापरून गोल घर बांधतो. या विटा कुठे पाच-पाच तर कुठे सहा-सहा मिळून बसतात; परिणामी कवचावर पंचकोन आणि षट्कोन दिसतात. घर लहान असो वा मोठे, पंचकोन बाराच. राजनंदिनी या घरांची भूमिती अभ्यासते. सोसायटीच्या आकाशकंदील स्पर्धेसाठी आपण असेच एक कवच करू, असे मी तिला दसऱ्याला सुचवले. कामट्या आपणच पाठवल्या होत्यात. (कामट्या निर्दोष होत्या. पुढे जे घडले त्यास त्या जबाबदार नाहीत.)

माझी भूमिका सरळ होती. वीट एक, तर तिची मांडणीही एकच हवी. काहींनी पाचांत बसायचे आणि काहींनी सहांत, याला आधार काय? ती म्हणाली, “आजोबा, त्या क्वासी-इक्विव्हॅलंट असतात. म्हणजे जवळजवळ सारख्या.” दोन गोष्टी सारख्या असतात किंवा नसतात, ‘जवळजवळ’ हा प्रकार तर्कशास्त्रात नाही, असे मी दाखवून दिले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि ती लॅबला गेली. मी शुद्ध षट्कोनांचा कंदील बांधायला घेतला.

तीन षट्कोन एका बिंदूपाशी आणले की सगळी जागा भरते आणि जोडकाम सपाट पडते. हे मी जाणत होतो. कंदीलही ते इतक्या काटेकोरपणे पाळील, असे मात्र गृहीत धरले नव्हते. तो बैठकीच्या खोलीत पसरत पसरत सोफ्याखाली गेला. स्पर्धेच्या सर्वाधिकारी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या इंदुबाई नाव नोंदवायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “अहो सर, हा कंदील आहे की सतरंजी? बसू का यावर?”

संध्याकाळी राजनंदिनीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. “आजोबा, तुमचं लॉजिक परफेक्ट आहे. फक्त ते कधी क्लोज होणार नाही.” मग तिने एका षट्कोनाची एक बाजू काढून त्याचा पंचकोन केला, शेजारचे ओढून जुळवले, आणि सपाट जोडकाम तिथे वाटीसारखे उचलले गेले. (यातून कोणी जीवनविषयक बोध काढल्यास तो स्वतःच्या जबाबदारीवर काढावा.) त्यानंतर ती लॅबमधून आली की आम्ही बांधत बसत असू. बोलणे फारसे नव्हते. “धरा.” “सोडा.” “आजोबा, तिथे नको.” एवढेच.

शेवटचा पंचकोन राहिला, त्या दिवशी ती व्हिसाच्या कामाला गेली होती. तो मी एकट्याने बसवला. कवच बंद झाले. कुठेही फट नाही, कागदाला सुरकुती नाही. मी समाधानाने मागे सरलो, आणि टेबलावर बल्ब दिसला. होल्डर आणि वायरसह.

कापून आत घाला, असे आपण म्हणाल. तीही म्हणाली. मला ते जमले नाही. (ब्लेड घरात होते.) तेव्हा ती म्हणाली, “असू दे. व्हायरसचंही होतं असं. शेल पूर्ण बनतं आणि आत काहीच नसतं. एम्प्टी कॅप्सिड.” अशा कवचांचे पुढे काय होते, असे मी विचारले. “काही नाही. असतात नुसती.”

काल वसुबारसेला सगळ्या गॅलऱ्या उजळल्या, आणि त्यांत आमचा कंदील काळोखात लटकला. “सर, लाइटबिल वाचवताय?” इंदुबाईंनी खालून विचारले. त्याला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. उत्तेजनाचा परिणाम अद्याप जाणवलेला नाही.

आता निष्कर्ष. राजनंदिनीची पात्रता सिद्ध आहे. कवचे ज्या यंत्रातून पाहायची ते यंत्र तिथे आहे. आणि घरातील कोणाच्या सोयीसाठी तिला थांबवणे हे समर्थनीय नाही. माझी काही अडचण नाही. पोळ्यांना बाई येतात. सबब आपण हो म्हणावे, अशी माझी शिफारस आहे.

आपला व्याही,
हिंदुराव

ता. क. : वरील युक्तिवाद पुन्हा तपासला. त्यात दोष नाही. तरीही आपण नाही म्हणावे. मी नाही म्हटले तर ती कारण विचारील, आणि माझ्याजवळ जे कारण आहे ते मांडण्याजोगे नाही. आपण उभ्या आयुष्यात एकाही नकाराचे कारण दिलेले नाही, आणि ते मागण्याची कोणाची छाती झालेली नाही. ‘जायचं नाही’ एवढे पुरे. माझे नाव निघू नये.

ता. क. दुसरा, पाडव्याची सकाळ : पत्र तीच घेऊन येत आहे, म्हणून घाईने लिहितो. ती दारात चपला घालून उभी आहे. वाटेत स्वारगेटला उतरून थंडीचा कोट घ्यायचा म्हणते. (आबांनी अजून हो म्हटलेले नाही, हे मी तिच्या नजरेस आणले.) जाड घेऊ की पातळ, असे तिने मला विचारले. मी जाड म्हणालो. माझे मत काय, ते यावरून आपणच काढावे. माझ्याकडून ते निघत नाही.