काना-मात्रेला आश्रित म्हणायचं नाही

ती. आनंदीताई,

गुडघे वाकत नाहीत, तेव्हा नमस्कार कागदावरच टेकवते. तुझी साखर कशी आहे ते कळव, पण थोडक्यात. मला सांगायचं पुष्कळ आहे.

आमचे हे गेल्यापासून मी दिरांकडेच आहे, तुला ठाऊक आहे (स्वयंपाक मी करते, मालकी बिंदुमाधवभावजी करतात). त्यांच्या यज्ञेशने नवीन झमेला काढलाय. कॉम्प्युटरला मराठीतून हुकूम देता येतील अशी भाषा बनवतोय. त्यात म्हणे आधी एकेका चिन्हाची जात ठरवावी लागते. हे अक्षर, हा आकडा, हा विराम, ही मोकळी जागा. (रिकाम्या जागेलाही जात! धन्य.) शिवाय प्रत्येक जातीला भारदस्त नाव हवं. त्यासाठी बापलेक आणि गोपीनाथशास्त्री श्रावणापासून बैठकीत ठाण मांडून आहेत. नुसत्या मोकळ्या जागेचं नाव ठरेस्तोवर डबाभर पोहे संपले. मी चौथी नापास, मुकाट्याने पोहे देत राहिले.

परवा काना, मात्रा, वेलांटीची पाळी आली. यज्ञेश म्हणाला, ही एकटी उभी राहत नाहीत, ही अक्षरं नव्हेत. भावजी म्हणाले, "मग लिही, आश्रित."

ताई, कुणी पाहुणा आला की भावजी माझी ओळख याच शब्दाने करून देतात. झारा हातात तसाच घेऊन बैठकीत गेले. म्हटलं, खोडा तो शब्द, नाहीतर तुमच्या नावांतले आश्रित मी काढून टाकते. आणि ओरडले, "ए गपनथ, ए बदमधव, या जेवायला!"

शास्त्रीबुवा चपला विसरून पळाले. भावजी म्हणाले, "वहिनी, राहता कुणाच्या घरात?" म्हटलं, "आणि तुम्ही जेवता कुणाच्या हातचं?" चूल बंद केली. (गॅस आहे, पण चूल म्हटलं की जोर येतो.) तेव्हापासून बापलेक कचोरी-जिलबीवर आहेत. भावजींची छाती जळते. जळू दे. "पडतं घे" असं लिहिणार असशील तर शाई वाया घालवू नकोस.

कुणाचीही आश्रित नसलेली,
कालिंदी

ता.क. – भावजींनी शब्द खोडला. पण यज्ञेश हात जोडून म्हणतो, "काकू, आता नाव तूच सांग, तेच कायम." मी ऐटीत म्हटलं, सांगते. ताई, मला काहीच सुचत नाहीये गं! फोनवर विचारलं असतं, पण इथे सगळे कान लावून बसतात. तुझी सून मालविका शिकलेली आहे, तिला विचारून लगेच लिही. तोवर मी "आज मुहूर्त नाही" म्हणत दिवस ढकलते.

आणखी ता.क. – तिलाही नाही सुचलं तर राहू दे. मी सांगणार आहे, वेगळं नाव नको, अक्षरांतच बसवा. जागा नसेल तर भावजींनी सरकून घ्यावं.